मालक स्टुलावर, गडी खाली

पाडव्याच्या सकाळी ती सुपारी घेऊन माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "चाचा, पंच म्हणून बसा. साल ठरवायचं हाय."

पंच म्हणून मला बोलावणं नवीन नव्हतं. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. वर्षाचा दाम किती, धान्य किती, कपडे किती, हे चार माणसांत बोलायचं, सुपारी फोडायची, झालं. कागद लागत नाही. मी स्वतः हट्टा गावाकडं एका मालकाच्या शेतात जवानी घातलेली आहे, त्यामुळं यातलं मला कळतं हे औंढ्यात सगळ्यांना माहीत आहे. पण या पोरीचं दुकान मोटरी भरायचं. तिला सालगडी कशाला पाहिजे?

"कोणाचं साल?" मी विचारलं.

"माझं."

"कोणाकडं राहून राहिली?"

"माझ्याकडंच."

मला वाटलं, मोटरीला लावायच्या वार्निशचा वास हिच्या डोक्यात गेला.

ती माझी भाडेकरू. हिंगोलीच्या रस्त्याला माझी तीन शटरं आहेत, त्यातलं मधलं तिचं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळतात, त्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतात. हे काम तिचा बाप वसमतला करायचा. पोरगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो गेला. पुढचं शिक्षण बँकेच्या कर्जावर झालं, त्या कर्जावर तिच्या आईची सही. पास होऊन ती पुण्याला कंपनीत लागली. तिथं खोली आणि खानावळ यांनीच पगार खाल्ला आणि हप्ते तुंबले. मग ती बापाचं तार गुंडाळायचं मशीन घेऊन माझ्याकडं शटर मागायला आली.

मी विचारलं होतं, "बाईमाणसाला मोटर उचलती का?"

ती म्हणाली, "तुमाला उचलती का चाचा, या वयात?"

मी शटर दिलं. माणूस तोंडावर बोलणारं असलं की मला त्याची भीती वाटत नाही.

तर त्या पाडव्याला तिनं दुकानातलं लाकडी स्टूल बाहेर काढलं. त्याच्यासमोर खाली एक पोतं अंथरलं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आता मी मालक." मग उठून पोत्यावर बसली. "आता मी गडी. मालकाचं अन् गड्याचं बोलणं व्हईल, तुमी मधी बसा."

स्टुलावरून: "दुकान नवं हाय. महिन्याला आठ हजारांच्या वर मला झेपत न्हाई."

पोत्यावरून: "आठात कसं भागंल मालक? सहा हजार तर बँकेचाच हप्ता हाय. बारा द्या."

स्टुलावरून: "पावसाळ्यात कोणाची मोटर चालत न्हाई, चालत न्हाई तर जळत न्हाई. तवा बारा कुठून देऊ? गड्याला तर बाराही महिने द्यावं लागतं."

पोत्यावरून, जरा हळू: "मग अकरा द्या."

पुढच्या खेपेला पोत्यावर बसली आणि आपल्याच तोंडानं नऊवर आली. इथवर मी हसत होतो. आता मला राग आला.

"थांब," मी म्हणालो. "गड्यानं आपल्या तोंडानं दाम खाली आणायचा नसतो. ते काम मालकाचं. दहा हजार, दोन जोड कपडे, एक पायताण अन् एक घोंगडं. याच्या खाली मी सुपारी फोडत न्हाई."

ती परत स्टुलावर बसली. "दहा, कपडे, चप्पल मंजूर. घोंगडं काहून? गडी काय रानात राखणीला जाऊन राहिला का?"

"गड्याला घोंगडं असतं. रिवाज हाय."

"दुकानाला जमंल तवा देऊ."

"मग घोंगडं उधार," मी म्हणालो आणि सुपारी फोडली. रस्त्यावरचे दोघं-तिघं बघत उभे होते, ते हसत गेले. पुढच्या पाडव्यालाही घोंगडं उधारच राहिलं, त्याच्या पुढच्यालाही.

मला वाटलं होतं, सणाची गंमत आहे, आठ दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. तिच्याकडं फोन दोन. मोठा फोन मालकाचा. गिऱ्हाइकाचे पैसे त्यावर यायचे, तारेच्या व्यापाऱ्याशी त्यावरूनच बोलायची. आईला फोन करायचा असला की बटणाचा छोटा फोन काढायची. मोठा समोर पडलेला असला तरी. मी म्हणायचो, "अगं, त्याच्यात बोलणं फुकट हाय म्हनत्यात." ती म्हणायची, "फुकट कसं? त्याचं रिचार्ज मालकानं मारलं."

चहावाला आला की पहिला सवाल, हा चहा कोणाचा? पुसेगावचा शेतकरी मोटर घेऊन आला तर चहा दुकानाचा. तिची मैत्रीण बसायला आली तर चहा गड्याचा. मी गेलो की तिची पंचाईत व्हायची. मी घरमालक म्हणून आलो का बसायला आलो, हे ती मला विचारून घ्यायची. एकदा मी चिडून सांगितलं की मी कोणाचाच नाही आणि माझ्या चहाचे पैसे मीच दिले.

स्कूटरही दुकानाची. नात्यातल्या लग्नाला जिंतूरला गेली तेव्हा स्कूटर शटरमध्ये ठेवून एसटीनं गेली आणि त्या दिवसाचा खाडा धरून पगारातून तेवढे पैसे कापले. लोक म्हणायचे, शिकून शिकून पोरगी वाया गेली. मी म्हणायचो, तुमच्या बापाचं काय कापलं का तिनं?

पण तापाच्या वेळेला मात्र खरा पेच पडला. चार दिवस अंगात ताप होता, शटर बंद होतं. पाचव्या दिवशी आली, तोंड उतरलेलं, आणि मला विचारते, "चाचा, तापाचा खाडा धरायचा का न्हाई? रिवाज काय?"

"आमचा मालक धरायचा."

"बराबर होतं ते?"

"बराबर कसं असंल? पण धरायचा."

तिनं स्टुलाकडं बघितलं. रिकामंच होतं ते. "मग हा मालक धरणार न्हाई," म्हणाली. तिच्या मालकानं केलेली ती पहिली चांगली गोष्ट मी बघितली.

हे सगळं काहून, असं मी एकदा सरळ विचारलं. ती मोटरीच्या खाचांत तारेखाली घालायचा कागद बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "अब्बांचा खिसा एकच होता चाचा. गहू-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की खिसा भरायचा. मग घरात रोज गोश्त, सगळ्यांना कपडे. पावसाळा लागला की त्याच खिशात काही नसायचं, मग तार उधार, किराणा उधार. गेले तेव्हा दुकानाचं कर्ज कोणतं, घराचं कोणतं, कोणाला सांगता येईना. अम्मी दारात उभी राहायची अन् लोक यायचे." एवढं बोलून ती परत खाचांत कागद घालायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

तिची आई वसमतलाच राहायची. घरी शिलाई मशीन, साड्यांना फॉल लावायची, ब्लाऊज शिवायची. त्यातून तिनं मक्केला जायचे पैसे जमवले होते. पैसे जमले तरी ती जाईना. कर्जावर तिची सही होती ना. सूद म्हणजे व्याज चालू असलेलं कर्ज डोक्यावर घेऊन अल्लाच्या घरी जायचं नाही, हे तिनं मनाशी धरलेलं. लोकांनी सांगितलं, हप्ते वेळेवर चाललेत, जायला हरकत नाही. ती म्हणायची, "हरकत तुमाला नसंल. सही माझी हाय."

तिसरं साल चालू असताना, पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. वसमतहून मक्केला जाणाऱ्यांची एक तुकडी तयार झाली. शेजारच्या दोघी जाणार होत्या, आईला सोबत मिळत होती. बँकेचे वर्षभराचे हप्ते राहिले होते आणि दुकानाच्या खात्यात जवळजवळ तेवढेच पैसे पडून होते.

तिचा मामा आला. शटरसमोर उभा राहून मोठ्यानं बोलायला लागला. "पैसे पडून हैत अन् बहन माझी थांबून राहिली! कर्ज भरून टाक एकदाचं!"

"मामू, ते पैसे न्हाईत. ती तार हाय."

"कुठं हाय तार? मला तर दिसून न्हाई राहिली."

"दिवाळीला येईल. तेव्हा रोखीनं घेतली न्हाई तर उधारीत किलोमागं जास्त जातात. मग सालाची कमाई सगळी व्यापाऱ्याची."

मामा माझ्याकडं वळला. "बुजुर्ग, तुमी तरी सांगा. सगळं हिचंच हाय ना?"

मी म्हणालो, "हिचंच हाय. पण सगळं एका माणसाचं न्हाई." त्याला ते पटलं नाही. मला पटवायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आली. बसली नाही. "चाचा, गड्याला उचल पाहिजे. वर्षाच्या हप्त्यांइतका पगार आधीच. मालक द्यायला तयार हाय. पंच काय म्हनतो?"

उचल म्हणजे पुढच्या कामाचे पैसे आधी घेणं. हे मला कोणी शिकवायला नको. भावाच्या आजारपणात मी मालकाकडून उचल घेतली होती. पुढच्या पाडव्याला दुसरा मालक जास्त दाम द्यायला तयार होता, मला हलता आलं नाही. फिटत आली की घरात काही निघायचं, परत घ्यायचो. उचल घेतलेला गडी पाडव्याला खाली मान घालून बसतो आणि मालक म्हणेल त्या दामाला हो म्हणतो. माझे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा मी त्या मालकाच्या वाड्यातून बाहेर पडलो.

"उचल न्हाई," मी म्हणालो.

"पन मालक तर मीच हाय."

"म्हणूनच न्हाई. दुसरा मालक कधी दया करतो. तू तुझ्यावर करत न्हाईस, हे मी तीन पाडवे बघून राहिलो."

ती पायरी उतरली. मग म्हणाली, "बराबर," आणि गेली. तिनं माझा शब्द मोडला असता तर मी काय करणार होतो? पैसे तिचे, खातं तिचं. पण सुपारी फोडलेली होती, आणि ती सुपारी मानायची.

तिसऱ्या दिवशी तिची आई रिक्षा करून आली. तिला मी पहिल्यांदाच बघत होतो. ओट्याच्या पायरीवर बसली, पाणी घेतलं, मग बोलली.

"भाऊ, तुमी रोज नागनाथाच्या देवळात जाऊन बसता म्हने. तुमाला कोनी अडवतं का?"

"न्हाई."

"मग माझा रस्ता काहून अडवून राहिले?"

मी म्हणालो, "आई म्हणून तुमचं बराबर हाय. पण मी पंच हाय, मला हलता येत न्हाई."

"तुमी हलू नका. माझे गुडघे यंदा हैत. पुढच्या साली असतील का, तेवढं सांगा."

तिनं पोरीकडं बघितलं. पोरगी शटरच्या आत हातातली तार सोडून उभी होती. "सुपारी फोडलेली हाय, अम्मी," एवढंच ती म्हणाली. आई म्हणाली, "तुझं साल, तुझी सुपारी. सही तेवढी माझी." आणि रिक्षात जाऊन बसली. तुकडी तिच्याशिवाय गेली.

घरचे मला म्हणाले, तुम्हाला काय पडलं होतं? मी म्हणालो, मला पंच केलं तेव्हा कोणी विचारलं नाही, काय पडलं होतं म्हणून.

पण उचल नाही म्हणून हात झटकून बसणाराही मी नव्हे. आठ-दहा दिवस मी तिचं काम बघत बसलो. जळालेली मोटर यायची, ती तारेचा काळा गुंता ओढून काढायची आणि कोपऱ्यात टाकायची.

"ही जळकी तार कुठं जाती?" मी विचारलं.

"भंगारात. तांबं हाय, चांगला भाव येतो. पैसे दुकानाचे."

"दुकानाचे कसे? तो सरवा हाय."

पीक काढून झालं की रानात जी कणसं मागं राहतात तो सरवा. आमच्या मालकाच्या शेतात सरवा गड्याची बायको वेचायची. मालक कितीही कंजूस असो, त्याला हात लावत नाही. सरवा गड्याचा.

तिला ते लगेच पटलं नाही. दोन दिवस वाद चालला. कणसं रानात आपोआप पडतात, तार मी ओढून काढते, तर सरवा कसा? मी म्हणालो, वेचायला पण वाकावंच लागतं. मग तिनं खरा सवाल काढला. "भंगाराचे पैसे गड्याला गेले तर मालकाची तार कशी यायची?"

"भरणावळ वाढव."

दुकान उघडल्यापासून तिनं मोटर भरायचा दाम एक रुपयानं वाढवलेला नव्हता. लोक बाई म्हणून घासाघीस करायचे आणि ती खाली यायची, पाडव्याला पोत्यावर बसून यायची तशीच. "गिऱ्हाईक जाईल," ती म्हणाली. मी म्हणालो, "गहू सुकत असताना माणूस कुठं जातो ते मला सांग." तिनं भरणावळ वाढवली. शेतकऱ्यांनी कुरकुर केली आणि मोटर तिथंच ठेवून गेले.

त्या हिवाळ्यात विजेचा दाब फार खालीवर होत होता. गव्हाला, हरभऱ्याला, हळदीला पाणी चालू, मोटरी जळून जळून येत होत्या. शेतकऱ्याची तकलीफ ती तिची कमाई, हे तिला आवडायचं नाही. प्रत्येकाला वायरिंग तपासायला सांगायची, फुकट. पण जळक्या तारेची पोती मागच्या भिंतीला लागत गेली. त्या पोत्यांवर तिनं कधी हिशेब मांडलेला मी बघितला नाही. येताजाता फक्त हात लावायची, दुभत्या जनावराच्या पाठीला लावतात तसा.

होळी झाल्यावर पोती टेम्पोत घालून हिंगोलीला गेली. दोन दिवसांनी दुपारी ती बँकेतून आली. स्कूटर लावली, आत गेली आणि जिथं पोती होती ती जागा झाडून काढली. मग बाहेर येऊन म्हणाली, "चाचा, अम्मीची सही सुटली." मी "बरं झालं" म्हणालो. तिनं चहा सांगितला. कोणाचा ते तिनं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आई पुढच्या तुकडीबरोबर मक्केला जाऊन आली. परत आल्यावर भेटायला जायची रीत आहे, म्हणून मी वसमतला गेलो. आई पलंगावर पाय लांब करून बसलेली. तिनं मला खजूर दिला, तिथून आणलेलं छोट्या बाटलीतलं पाणी दिलं.

"पाठीवर कर्ज नव्हतं भाऊ," ती म्हणाली. "लई हलकं वाटलं तिथं."

मी मान हलवली.

"पन गुडघे मागच्या सालीच होते. चाकाच्या खुर्चीत बसवून फिरवलं मला. सगळ्या आपल्या पायानं चालल्या, मी बसून."

मी खजूर खाल्ला. तिचं पहिलं बोलणं खरं होतं आणि दुसरंही खरं होतं. आजही कोणी गडी माझ्याकडं उचल मागायला आला तर मी नाहीच म्हणेन. पण खजुराची बी बराच वेळ माझ्या मुठीत राहिली, कुठं टाकावी ते कळेना.

नंतर आईचं बघायला कोणी नाही म्हणून पोरीनं दुकान वसमतला नेलं. मशीन, तार, स्टूल, पोतं, सगळं टेम्पोत घातलं. भाडं शेवटच्या दिवसापर्यंतचं दिलं, ते मोठ्या फोनवरून. मग छोट्या फोनवरून मला एक कॉल केला, समोर उभी राहून. "हा माझा नंबर. दुकानाचा न्हाई," म्हणाली. आता त्या शटरमध्ये मोबाईलची कव्हरं विकणारा आहे. चांगला आहे तो. पण त्याच्याकडं चहा नुसताच चहा असतो.

यंदा पाडव्याला सकाळी मी आंघोळ करून ओट्यावर बसलो. माझं काही काम नव्हतं तिथं. फोन वाजला, तिच्या छोट्या फोनचा नंबर.

"चाचा, फोनवरच पंच होता का? इकडं लई काम हाय."

"फोनवर सुपारी फुटती का? न्हाई जमत. समोर ये."

"ऊन लई हाय चाचा."

"मग नको ठरवू साल. राहा बिनसालाची."

दुपारी स्कूटर आली. मागं तिची आई बसलेली, पुढं पायात ते लाकडी स्टूल. पोरीनं आईला धरून उतरवलं. आई भिंतीला हात लावत ओट्यावर चढली. पोरीनं स्टूल मांडलं, समोर पोतं टाकलं. मला वाटलं, आता ही स्टुलावर बसेल, मग खाली, मग परत स्टुलावर. पण ती पोत्यावर बसली आणि तिथंच राहिली.

स्टुलावर आई बसली.

"मला खाली बसता येत न्हाई भाऊ," ती म्हणाली. "मग मीच मालक."

मी पोरीकडं बघितलं. ती सरळ माझ्याकडं बघत होती. "गडी काय म्हनतो?" मी विचारलं.

गड्यानं दाम सांगितला. एवढा दाम आमच्या तालुक्यात कोणा गड्यानं मागितलेला मी ऐकला नव्हता. तो सांगून ती एक रुपया खाली आली नाही. मी तिच्या बाजूनं बोलायला घसा साफ केला, पण आईनं हात वर करून मला थांबवलं. पिशवीत हात घातला आणि काळं घोंगडं बाहेर काढलं. नवं होतं, दुकानाची चिठ्ठी अजून त्याला लागलेली.

"पहिले हे घे," ती पोरीला म्हणाली. "दामाचं मग बोलू."